मणेरीची वेतं

झुंबरचा गाभणांक चौदा आला. शंभरपैकी चौदा. माझ्या तपासणी-पेटीच्या पडद्यावर तो आकडा लाल रंगात उमटला तेव्हा मी चांगुणामावशींच्या ओसरीवर बसून त्यांच्याच हातचा गवती चहा पीत होते. आधी कप रिकामा करावा आणि मग आकडा वाचून दाखवावा, एवढी अक्कल काही मला सुचली नाही. मावशींनी कप माझ्या हातातून काढून घेतला.

"चौदा म्हंजी?"

"तीसच्या खाली, मावशी. त्याला वळू म्हणून ठेवता येणार नाही. शुक्रवारी शिबिरात खच्ची करावं लागेल."

"झुंबरला?"

मी मान हलवली. झुंबर समोरच उभा होता, सोळा महिन्यांचा, पांढऱ्या अंगावर काळे मणी सांडल्यासारखे ठिपके. त्याला यातलं काहीच कळत नव्हतं आणि तो माझ्या ओढणीचं टोक चघळत होता.

मी डॉक्टर शाल्मली वर्तक. कातळवाडीत मला शालू म्हणतात, कारण शाल्मली म्हणायला कोणाला वेळ नाही. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, डोंगराच्या पोटात सहा वाड्यांचं एक खोरं आहे. तिथल्या डांगी गाई हे माझं काम. डांगी जनावर म्हणजे चिवटपणाची कमाल. धो धो पावसात भातखाचरात दिवसभर उभं राहिलं तरी त्याच्या तेलकट कातडीवरून पाणी ओघळून जातं. पण एक खोट आहे. कालवड पहिल्यांदा वितानाच चार-साडेचार वर्षांची होते आणि पुढे एका वेतापासून दुसऱ्या वेतापर्यंत दीड वर्ष सहज घेते. अशानं कळप वाढत नाही, आणि कळप वाढला नाही तर जात टिकत नाही. गाभणांक काढला तो यासाठी.

गाय वेळेवर गाभण राहणं हा गुण दुधासारखा मापानं मोजता येत नाही. त्यात चारा, पाणी, ऋतू, वळू, मालकाचं लक्ष अशा सगळ्यांचा हात असतो. रक्तातून येणारा वाटा शंभरात जेमतेम पाच-सात, आणि तोही एका जनुकात नसतो, हजारो ठिकाणी कणाकणानं विखुरलेला असतो. एका गाईकडे बघून तो ओळखता येत नाही. पण हजारभर गाईंचे जनुकीय नकाशे घेतले, आणि त्या गाई कधी नि किती वेळा व्याल्या याच्या नोंदी त्या नकाशांशेजारी ठेवल्या, की लवकर विणाऱ्या गाईंच्या नकाशात कोणते कण पुन्हा पुन्हा दिसतात ते संगणकाच्या लक्षात येऊ लागतं. एकदा ते कळलं की काल जन्मलेल्या वासराच्या कानाचा केस उपटून पेटीत टाकायचा. चाळीस मिनिटांत आकडा येतो. गोऱ्हा असेल तर तो स्वतः वळू म्हणून कसा निघेल आणि त्याच्या लेकी पुढे कशा वितील याचा तो अंदाज असतो.

नोंदी माझ्या होत्या. दहा वर्षांपूर्वी शिकत असताना मी या खोऱ्यात दोन वर्षं राहिले, चांगुणामावशींच्याच घरात. दारोदार फिरून अकराशे गाईंची वेतं लिहून घेतली आणि पुढे दर हिवाळ्यात येऊन ती वही पुरी करत गेले. माझी डॉक्टरेट त्या वहीवर झाली. डांगीचा गाभणांकही त्याच वहीवर उभा होता, आणि चार वर्षांपासून खोऱ्यातले वळू त्याच आकड्यानं निवडले जात होते. तीसच्या वरचा गोऱ्हा वळू, खालचा बैल. मालकांनी ठराव करून हे मान्य केलं होतं, मावशींचाही त्यावर अंगठा होता.

"मव्ह्या मणेरीच्या पोटचा हाये त्यो," मावशी म्हणाल्या. "शेवटचा. तिला सतरावं लागलं, आता काय ती पुन्हा इयाची न्हाई. त्याच्या आधीचं समदं गोऱ्हं बैल झालं. ह्याला चेचला का मणेरीचं बी संपलं."

"मला माहीत आहे, मावशी. पण पेटी..."

"तुव्ही पेटी आंधळी हाये! आगं, मणेरीची लेकरं साऱ्या खोऱ्यात चरत्यात!"

"साऱ्या खोऱ्यात?" मी म्हणाले. "वहीत तर तिची चारच वेतं आहेत."

मावशींनी जीभ चावली. तोंडातून भलतंच निसटल्यावर चावतात तशी. मग पदर खोचून त्या गोठ्यात गेल्या आणि मी निघेपर्यंत बाहेर आल्याच नाहीत. दहा वर्षांत त्या घरातून मी पहिल्यांदाच न जेवता निघाले.

चार की साऱ्या खोऱ्यात, हे डोक्यातून जाईना. दुपारी मी शाळेच्या रिकाम्या वर्गात बसले आणि पेटीला एक साधा प्रश्न टाकला. खोऱ्यातल्या प्रत्येक जनावराचा नकाशा साठ्यात होताच. त्यात मणेरीची मुलं कोण? हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता, कारण कोणाची आई कोण ते वहीत लिहिलेलं होतं आणि वही तर डॉक्टर वर्तकांची.

उत्तर आलं, नऊ. त्यातली पाच वासरं माझ्या वहीत भलत्याच गाईंच्या नावावर होती. चार तर शेजारच्या ठकूबाई धिंदळ्यांच्या काजळीच्या नावावर. काजळी म्हणजे दिसायला देखणी, आणि वहीप्रमाणे सहा वेतं झालेली खोऱ्यातली आदर्श गाय. तिच्या पोटच्या मुलाचा गाभणांक अठ्ठ्याऐंशी होता आणि गेली दोन वर्षं हार घालून त्याची मिरवणूक निघत होती.

त्या दोन वर्षांत एक गोष्ट मी दुर्लक्षित करत आले होते. खोऱ्यात गाई उलटण्याचं प्रमाण वाढलं होतं. वळू दाखवला तरी गाभ धरायचा नाही, एकवीस दिवसांनी गाय पुन्हा माजावर. मी चाऱ्याला दोष दिला, क्षारांची पाकिटं वाटली. आता त्याचा अर्थ लागला. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? मी पेटीला जे शिकवलं तेच ती बोलत होती.

गुरुवारी सकाळी मी मावशींसमोर जाऊन उभी राहिले. त्या अंगणात नाचणी पाखडत होत्या.

"नऊ वासरं सापडली, मावशी. मला चार सांगितलीत."

सूप थांबलं नाही.

"दोन वर्षं तुमच्या ताटात जेवले. तुम्ही मला खोटं सांगितलंत? मला?"

"तुलाच तर सांगायचं नव्हतं," मावशी वर न बघता म्हणाल्या. "तू लिहीत व्हतीस. त्वांडानं म्हटलेलं वाऱ्यावर जातं. वहीत लिव्हलेलं ऱ्हातं, धा जण वाचित्यात. भरल्या गाईची वेतं कुणी मोजून सांगतं का? नजर नाय लागायची? मव्ह्या आईनं न्हाई सांगितली, तिच्या आईनं न्हाई सांगितली."

"आणि काजळीची सहा?"

"ती भाकडच की निम्मी. ठकूला ती बाजारात काढायची व्हती. भाकड गाईची वेतं वाढवूनच सांगत्यात, न्हाईतर घेईल कोण? मणेरीची वासरं मी तिच्या नावावं लावली. तिचंबी भागलं, मव्हंबी भागलं."

"सगळे असंच करतात?"

"तर!" मावशींनी सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुला म्हाईत न्हवतं?"

मी पायरीवर बसले. मला माहीत नव्हतं. जितकी चांगली गाय तितकी वेतं लपवलेली, जितकी वाईट तितकी फुगवलेली, आणि मी ते सगळं सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं होतं. पेटीनं रक्त अगदी बरोबर ओळखलं होतं. मणेरीचं रक्त जिथे दिसेल तिथे कमी वेतं, हे तिला मी शिकवलं. चार वर्षं आम्ही चांगले गोऱ्हे वेचून वेचून खच्ची करत होतो. मणेरीच्या वंशातला एकच गोऱ्हा शिल्लक होता, आणि त्याच्यासाठी उद्या सकाळी खच्ची करणारा सखाहरी चिमटा घेऊन येणार होता. मला रडू आलं. वाईट स्वतःचं वाटलं, झुंबरचं वाटलं, आणि ज्यांना मी मावशी म्हणते त्यांनी मला वहीवाली बाई समजावं याचं सगळ्यात जास्त वाटलं.

पुण्याला डॉक्टर रत्नपारखींना फोन लावला. हे आमच्या प्रकल्पाचे प्रमुख. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि मग विचारलं, "शाल्मली, तू काय म्हणते आहेस ते तुझ्या लक्षात येतंय ना? तुझा प्रबंध..."

"येतंय, सर. तो चुकीचा आहे."

ते म्हणाले, "एका गाईवर मी निर्णय फिरवू शकत नाही. खऱ्या नोंदी आण. पाचशे गाईंच्या तरी. आल्या की गणित पुन्हा चालवू. तोवर शिबिर ठरल्याप्रमाणे."

पाचशे गाई, एक दिवस, आणि खरं कोणीच सांगणार नाही. मी तशीच ठकूबाईंच्या अंगणात गेले. दोन घरांमध्ये फक्त काटक्यांचं कुंपण.

"ठकूबाई, खरं सांगा. काजळीची वेतं किती?"

"सहा," ठकूबाई मुळीच न चाचरता म्हणाल्या.

"सहा कुठली? दोन!" कुंपणापलीकडून मावशींचा आवाज आला. "एक पुलाचं काम निघालं त्या साली, एक तुव्ह्या नातवाच्या बारशाला! मधी पाच वर्सं नुसती वैरण खाती!"

"आन तुव्ही मणेरी?" ठकूबाई कुंपणाशी धावल्या. "धा इयाली धा! वर्साला पाळणा! मीच बघितली न्हाई का? शाळंला पत्रं बसलं तव्हा एक, मव्ह्या धाकटीच्या लग्नात एक, लगीच पुढच्या दिवाळीला एक..."

त्या बोटांवर मोजत होत्या, मावशी काजळीचे महिने सांगत होत्या, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. स्वतःच्या गाईची वेतं इथे कोणी सांगत नाही. शेजारणीच्या गाईची मात्र सालवार पाठ असतात!

"थांबा!" मी ओरडले. "दोघी थांबा. पुन्हा सांगा, सावकाश. मी लिहिते आहे."

"लिहू नगं!" दोघी एकदमच म्हणाल्या.

तिथे माझं सगळं शिक्षण अडलं. मी त्यांना पुन्हा जनुक समजावले, नकाशे समजावले. ठकूबाईंनी सरळ विचारलं, "आन मोजल्यावं नजर लागली तर तुव्ही पेटी उतरवील का?"

"नाही," मी म्हणाले. "पेटीला ते येत नाही. तुम्हाला येतं. मोजणी झाली की लगेच दृष्ट काढायची. मीठ, मोहरी, मिरच्या मी आणते."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग मावशी म्हणाल्या, "बेडगी आणू नगं. तिला ठसका न्हाई."

शुक्रवारी सकाळी सहा वाड्यांची माणसं आपापले गोऱ्हे घेऊन शाळेच्या आवारात जमली. सखाहरी चिमटा तेल लावून तयार होता. मी बाकावर उभी राहिले आणि शिबिर दुपारपर्यंत थांबवल्याचं सांगितलं. मग नियम सांगितले. मालकानं तोंड उघडायचं नाही. प्रत्येक गाईची वेतं तिचे दोन शेजारी वेगवेगळे येऊन सांगतील. दोघांचं जमलं तर नोंद पक्की. नाही जमलं तर नोंद कोरी. मोजलेल्या प्रत्येक गाईची दृष्ट चांगुणामावशी काढतील.

पहिली पाच मिनिटं कोणी हललं नाही. मग ठकूबाई उठल्या, माझ्या कानाशी आल्या आणि अख्ख्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात पोलीस पाटलांच्या गाईची सात वेतं महिन्यानिशी सांगितली. पाटलांचा चेहरा पाहून आवार हसायला लागलं, आणि धरण फुटावं तशी माणसं रांगेत आली; शाळेतल्या मोठ्या पोरांनाही मी लिहायला बसवलं. कोण कधी व्याली, कोणाचं वासरू कोणाच्या नावावर लावलं, कोणती गाय बाजारात तीन वेतं वाढवून विकली, सगळं बाहेर. "तुला काय म्हाईत?" "मी काय आंधळा हाये?" असले संवाद चहूकडून. मालकांना तोंड उघडायची बंदी, त्यामुळे ते नुसते लाल होऊन हातवारे करत होते. कोपऱ्यात मावशींच्या शेगडीवर मिरच्या तडतडत होत्या आणि सगळं खोरं ठसकत होतं. ठसका लागला म्हणजे नजर लागलेली नाही. एवढे लोक खोकताहेत म्हणजे खोऱ्यात कोणाचीच नजर वाईट नाही, असा निवाडा मावशींनी दिला. ठकूबाईंना त्याचा इतका आनंद झाला की त्यांनी आणखी चार गाई सांगितल्या.

अकरा वाजेपर्यंत पाचशे सत्तर गाई पक्क्या झाल्या. कोणाचं वासरू कोण ते पेटीनं पडताळलं आणि जिथे वासरं साठ्यात होती तिथे दहात नऊ वेळा शेजाऱ्यांचं खरं निघालं. माझ्या वहीचं दहात चार वेळाही निघालं नव्हतं. मी लाजेनं मेले आणि आनंदानं पुन्हा जिवंत झाले.

एक महत्त्वाची नोंद मात्र कोरी राहिली. ठकूबाई म्हणाल्या मणेरीची दहा. पलीकडचे लहानू मुठे म्हणाले नऊ. झुंबरचा आकडा सगळ्यात जास्त मणेरीच्या नोंदीवर टेकलेला होता, आणि नियम मीच केलेला.

मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी ते पाहिलं आणि शेगडीत आणखी एक मिरची टाकली. झुंबर खुंट्याला बांधलेला होता, सखाहरीपासून चार हातांवर. मावशी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसल्या. मग उठल्या, माझ्याजवळ आल्या, माझं डोकं आपल्या पदराखाली ओढून घेतलं आणि कानात म्हणाल्या, "अकरा. पहिली कालवड मव्ह्या बहिणीला दिली, कुणाला कळू दिली न्हाई. तुला सांगते, पोरी. वहीला न्हाई."

"मी वहीत लिहिणार आहे, मावशी."

"लिव्ह. पर सांगितलं तुला."

पदराखाली मिरचीचा, धुराचा आणि शेणाचा वास होता, आणि मला तिथून बाहेर यावंसंच वाटेना. मी अकरा लिहिलं. बहिणीच्या गोठ्यात म्हाताऱ्या झालेल्या त्या कालवडीचा केस आणायला पोलीस पाटलांची मोटारसायकल डोंगराखाली धावली आणि तासाभरानं केस आला. मणेरीचीच लेक. मी सगळ्या नोंदी पुण्याला पाठवल्या. गणित पुन्हा चालायला दीड तास लागणार होता. तेवढ्यात कोणीतरी वरईचा भात आणि पिठलं आणलं आणि शिबिराची जत्रा झाली.

तीन वाजता रत्नपारखींचा फोन आला. "शाल्मली, सगळं उलटंपालटं झालंय. वरचे खाली, खालचे वर. पण आता अंदाज जुळतायत, पूर्वी कधी जुळले नव्हते इतके जुळतायत. तुझा तो कातळवाडीचा गोऱ्हा बघ आधी."

काजळीच्या मुलाचा आकडा अठ्ठ्याऐंशीवरून सोळावर आला होता. मी ठकूबाईंना कसं सांगावं या विचारात होते, तर त्यांनीच माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं. "सुटले बाई!" त्या म्हणाल्या. "चौदा गाई उलटल्या त्याच्यापायी. शिव्या मीच खाल्ल्या. बैल मातर सोन्यासारखा व्हईल."

मग मी झुंबरचं पान उघडलं. आकडा हिरव्या रंगात उमटला. चौऱ्याण्णव. खोऱ्यात सगळ्यात वरचा. चार वर्षांत मी इतका मोठा आकडा कधी पाहिला नव्हता.

सखाहरी चिमटा हातात धरून विचारत होता, "डाक्तरीणबाई, किती आला? करायचा का न्हाई?" सहा वाड्यांची माणसं माझ्याकडे बघत होती. माझ्या ओठांवर आकडा आला, ओरडून सांगावा असा. तेवढ्यात मावशी दिसल्या. झुंबरच्या मानेवर हात ठेवून उभ्या होत्या, डोळे घट्ट मिटलेले.

मी पडदा छातीशी धरला.

"बेताचाच आहे," मी म्हणाले. "ठेवायला हरकत नाही."

मग आवारात असा कल्ला उठला की झुंबर दाव्यासकट उधळला. माणसं शिट्या मारत होती, ठकूबाई नाचत होत्या, सखाहरीनं चिमटा पिशवीत टाकला. चांगुणामावशी झुंबरच्या गळ्याला मिठी मारून हमसून हमसून रडल्या, आणि मग पदरानं तोंड पुसून एकेका माणसाला गाठून सांगत सुटल्या, "बेताचाच हाये म्हणली शालू. बेताचाच." इतक्या अभिमानानं कोणी काही सांगताना मी आजवर ऐकलेलं नाही.